आईचा आवाज पोहोचेल अशा बागा : नकाशाच्या कामाच्या नोंदी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

आज काम पक्कं ठरलं. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या जुन्या मुंबईत, हळू आवाजात बोललेलं ऐकू येईल अशा बागा शोधायच्या आणि एका मोठ्या कागदावर त्यांचा नकाशा काढायचा. पाऊस सुरू व्हायच्या आत.

कारण लिहून ठेवते. गेल्या ऑगस्टमध्ये आईच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बाकी सगळं सुधारलं, आवाज मात्र अर्धाच परत आला. काचेवर फुंकर घातल्यासारखी बोलते. घशावर जोर द्यायचा नाही, असं बजावून सांगितलंय. इकडे चिंचपोकळीत आमच्या शेजारच्या दोन चाळी पाडून टॉवरचा पाया खणणं चालू आहे. सकाळी आठपासून मशीनचे दणके. आईचं बोलणं ऐकायचं तर तिच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. दोन-तीनदा "काय? काय म्हणालीस?" झालं की ती हात हलवते आणि "काही नाही" म्हणते. दिवाळीनंतर तिने बोलणंच कमी केलं.

जानेवारीत तपासणी करून परतताना भायखळ्याला राणीच्या बागेत जरा टेकलो होतो. तिथे एका झाडाखाली आई सलग वीसेक मिनिटं बोलली. माहेरच्या विहिरीबद्दल, त्या विहिरीत पडलेल्या पितळी कळशीबद्दल, ती काढायला उतरलेल्या तिच्या मावसभावाबद्दल. मी पन्नाशीला आले, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. घरी आल्यावर पुन्हा "काही नाही".

चाळीत बोलले तर कळलं, ही गरज एकट्या आईची नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकांना श्रवणयंत्रातून बोलण्यापेक्षा गोंगाटच जास्त ऐकू येतो. दोन मुलं बारावीची आहेत. खालच्या वाचनालयाने नकाशा भिंतीवर लावायचं कबूल केलंय.

कामाला तिघं : मी, भाची (आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नकाशा तीच काढणार) आणि तळमजल्यावरचे अण्णा. अण्णांनी चाळीस वर्षं माळीकाम केलंय. शांतता मोजायची कशी, हा प्रश्न त्यांनीच सोडवला. म्हणाले, "तांबट ऐकू आला पाहिजे. पोरी, तो काही ओरडणारा पक्षी नाही. टुक-टुक-टुक, भांड्यावर हातोडी मारल्यासारखा. जिथे तांबट ऐकू येईल तिथे तुझी आईही ऐकू येईल."

नकाशाचा पहिला नियम तोच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

राणीच्या बागेपासून सुरुवात. ती लपलेली नाही, हे मान्य. पण पेंग्विन आल्यापासून लोकांचे पाय आपोआप तिकडे वळतात आणि झाडांकडे कोणी फिरकत नाही. त्यामुळे बागेतली बाग लपलीच आहे.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती उघडली ती वनस्पतींची बाग म्हणून. पिंजरे नंतर आले. जगभरची झाडं इथे आणून लावली, म्हणून ब्रह्मदेशाची उर्वशी, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आणि आफ्रिकेची गोरखचिंच एका आवारात भेटतात. उर्वशी आत्ता फुलात आहे. लांब देठांवरून लाल-पिवळ्या फुलांचे घोस छताच्या झुंबरासारखे खाली उतरलेत आणि कोवळी पानं तपकिरी, मलूल लोंबताहेत. भाचीला वाटलं, झाड वाळतंय. अण्णांनी समजावलं, की तिची पालवी अशीच लोंबते, मग हिरवी होऊन उभी राहते.

आईला बसवलं ते उंडीखाली. मी पाटी शोधत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "उंडी आहे गो." कोकणात उंडीच्या बियांचं तेल दिव्याला घालायचे; त्याचा वास तिला अजून आठवतो. तांबट ऐकू आला, तोही दोन बाजूंनी.

बागेत आणखी दोन जुने रहिवासी आहेत. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन तुटली, हत्ती फुटला आणि म्हणून तो मुंबईत राहिला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे जुळवले. दुसरा रहिवासी म्हणजे काळा घोडा, अगदी मूळचा पुतळा, पाठीवरच्या राजपुत्रासकट. १९६५ मध्ये फोर्टमधून हलवून त्याला इथे आणलं. फोर्टात त्याचं नाव उरलं.

बागेचं व्हिक्टोरिया गार्डन हे नाव जाऊन वीरमाता जिजाबाईंचं आलं, तरी लोकांच्या तोंडी "राणीची बाग"च आहे, आणि आता ते नाव जास्त शोभतं.

नकाशासाठी : बुधवारी बंद. सकाळी लवकर जावं, पेंग्विनकडे पाठ करून बसावं.

रविवार, १६ फेब्रुवारी

राणीच्या बागेची मुळं शिवडीत आहेत, हे वाचून कळलं. भायखळ्याच्या आधी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग शिवडीला होती. १८६५ मध्ये पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डने ती जागा दफनभूमीसाठी घेतली. आजही शिवडीच्या दफनभूमीत शिरलं की ही मुळात बाग होती हे कळतं. झाडं मोठी, वाटा उतरत्या, सावली गार. काका बाप्टिस्टांची कबर इथेच आहे. पुढच्या नोंदीत ते भेटतील.

शांतता विचाराल तर आजवर पाहिलेल्यांत सर्वांत जास्त. भाचीने लगेच वहीत खूण केली. आईने ती खोडायला लावली. "तिथे माणसं आपल्या माणसापाशी रडायला येतात. आपण गप्पा मारायला जायचं नाही." तिचं बरोबर आहे. शिवडी नकाशात नाही.

येताना ओहोटी होती. खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उभे होते आणि मागे अटल सेतू. बाग नव्हे, पण आई कठड्याला धरून बराच वेळ बघत होती.

शनिवार, १ मार्च

माझगाव. ही नोंद मोठी होणार.

हार्बरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनावरून मी हजारदा गेले असेन. डोक्यावर टेकडी आहे आणि टेकडीवर बाग आहे, हे कधी पाहिलंच नाही. जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. स्टेशनातून बाहेर पडलं की कचोरीवाले, टॅक्सी, हातगाड्या. चढ लागतो, आणि अर्ध्या वाटेत आवाज खाली राहतो. पाण्यातून वर आल्यावर कान मोकळे होतात तसं.

आईला चढ जड गेला. तीनदा थांबलो. दुसऱ्या थांब्याला मीच म्हटलं, परत जाऊ. तिने डोळे वटारले. तिचा आवाज गेलाय, डोळे नाहीत.

टेकडीवर इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता. जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने मुंबईवर स्वारी केली तेव्हा त्याने तो बळकावला आणि १६९० मध्ये जाताना उडवून दिला. पुढे भंडारवाड्याच्या या टेकडीवर पाण्याची टाकी बांधली. म्हणजे बाकावर बसलो की पायाखाली शहराचं पिण्याचं पाणी. बागेला नाव आहे ते इथल्याच माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेल्या काका बाप्टिस्टांचं. लोकमान्य टिळकांचे मित्र आणि वकील, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, नंतर मुंबईचे महापौर.

पूर्वेच्या कडेला बाक आहेत. समोर बंदर, गोदीच्या क्रेन, मागे घारापुरीची निळी रेघ. आई कितीतरी वेळ गप्प होती. मग बोलायला लागली.

आजोबा गोदीत हमाल होते एवढं मला माहीत होतं. १४ एप्रिल १९४४ ला ते कुठे होते, हे माहीत नव्हतं. त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली. त्यात कापूस होता आणि दारूगोळाही. चारच्या सुमारास पहिला स्फोट, थोड्या वेळाने त्याहून मोठा दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. आजोबा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. त्यांची पाळी बदलून दुसऱ्या गावकऱ्याने घेतली होती, कारण यांना ताप होता. तो गावकरी परत आला नाही. आजोबा पुढे तीस वर्षं मनीऑर्डर करत राहिले, घरी एक आणि त्याच्या घरी एक. गावात पोस्टमन दोन्ही पैसे एकाच दिवशी द्यायचा. आई म्हणाली, "आम्हाला वाटायचं, ती आपलीच कोणी आत्या आहे."

मी वही बाजूला ठेवली. मागे कुठेतरी तांबट चालू होता, तो मला नंतर आठवला.

नकाशासाठी : चढ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीने जावं. संध्याकाळी उन्हं कलल्यावर पूर्वेचे बाक सावलीत येतात.

मंगळवार, ११ मार्च

ऑफिसात मार्चअखेर. काही झालं नाही. भाचीने माझगावचा चढ नकाशात कसा दाखवायचा यावर चार कागद खर्च केले.

शनिवार, १५ मार्च

धुळवडीचा दुसरा दिवस. फोर्टात माणसं कमी, रस्त्यावर अजून रंगाचे डाग.

आधी हॉर्निमन सर्कल. पूर्वी हे मैदान होतं, कापसाच्या गासड्या इथे पडायच्या. मग १८६० च्या दशकापासून सभोवती कमानींच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मधोमध गोल बाग आली. समोर टाऊन हॉलच्या पायऱ्या, म्हणजे आजची एशियाटिक लायब्ररी. शेअरबाजाराला इमारत नव्हती तेव्हा दलाल इथल्याच वडाखाली जमत. पुढे बागेला नाव मिळालं ते बेंजामिन हॉर्निमन या संपादकाचं. 'बॉम्बे क्रॉनिकल'मधून जालियनवाला बागेची बातमी बाहेर आणली म्हणून इंग्रज सरकारने १९१९ मध्ये या इंग्रज माणसाला हद्दपार केलं होतं. शहराने एवढ्या मोक्याच्या जागी त्याचं नाव कोरलं, याचं मला फार बरं वाटतं.

शांततेचं म्हणाल तर शनिवार-रविवार उत्तम. बाकीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाक मिळणं कठीण.

मग काळा घोडा. डेव्हिड ससून वाचनालयाच्या मागे बाग आहे, हे रस्त्यावरून कळूच शकत नाही. पुढे मालाडच्या पिवळट दगडाची कमानी इमारत, १८७० ची. आतून पलीकडे गेलं की हिरवं अंगण. वाचनालयाची सुरुवात १८४७ ची. टांकसाळीत आणि सरकारी गोदीत काम करणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन ज्ञानासाठी काढलेली ही संस्था. हातात अवजार धरणाऱ्यांनी वाचायला आणि ऐकायला जागा मागितली होती. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "मग बाबांनाही इथे येता आलं असतं." आजोबांना अक्षरओळख नव्हती. पण ऐकायला आले असते.

ही बाग सभासदांची आहे. आम्ही विचारून, थोडा वेळ पाहून बाहेर आलो. नकाशात ती वेगळ्या रंगाने. बारावी संपल्यावर अभ्यासाला जागा शोधणाऱ्यांनी सभासदत्वाची चौकशी जरूर करावी.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी. दुपारी श्रीखंड-पुरीचा जडपणा घेऊन मलबार हिल. अण्णा बरोबर होते म्हणून हा दिवस कामाचा ठरला.

हँगिंग गार्डनमध्ये मला नेहमी एक प्रश्न पडायचा. एवढी जुनी बाग, १८८० च्या सुमाराची, मग मधल्या भागात मोठी झाडं का नाहीत? सगळी हिरवळ, फुलांचे वाफे, प्राण्यांच्या आकारात कातरलेल्या झुडपांच्या रांगा. अण्णा वाफ्याशी उकिडवे बसले आणि बोटाने माती उकरून दाखवली. "खाली टाकी आहे. छतावर माती किती टाकणार? वड-पिंपळ लावला तर मुळं छत फोडतील. म्हणून इथे सगळं उथळ मुळांचं. माळ्याने कातर चालवली कारण झाड उंच वाढवायची सोय नव्हती."

मग थोडं थांबून ते म्हणाले, "टाकीवर इमारत बांधता येत नाही, म्हणून ही बाग वाचली. माझगावचंही तेच."

हे ऐकून मी पुढची सगळी संध्याकाळ मनात यादी करत बसले. माझगाव, पाण्याची टाकी. मलबार हिल, पाण्याची टाकी. शिवडी, दफनभूमी. पुढच्या वेळी जायचंय ते निसर्ग उद्यान, कचऱ्याचा डोंगर. या शहरात जिथे वर घर उभं करता आलं नाही तिथेच झाडाला पाय रोवता आले. मला हे वाईट वाटायला हवं, पण आता कुठे शोधायचं हे त्यामुळे कळलं. टाकी, खाडी, पुलाखालची पट्टी, संस्थांची मागची अंगणं.

जुनी टाकी पाडून नवी बांधायचा बेत निघाला तेव्हा या टेकडीवरच्या झाडांसाठी नागरिक पुढे आले होते. त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. टाकीची काळजी आणि झाडांची काळजी एकाच वेळी घ्यावी लागते आणि ते काम किचकट आहे.

कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटापाशी मुलांची रांग. तिथे तांबट कुठला ऐकू येणार? पार्कामागच्या जंगलातून उंचावर बांधलेल्या नव्या लाकडी वाटेचं आजच उद्घाटन होतं, त्यामुळे आज त्या बाजूला जाण्यात अर्थ नव्हता. भाची सवडीने, आडवारी सकाळी पाहून येईल.

शनिवार, १२ एप्रिल

महाराष्ट्र निसर्ग उद्यान. धारावी डेपोजवळ उतरलो. एका बाजूला शीव-वांद्रे जोडरस्ता, पलीकडे मिठी आणि तिच्यापल्याड वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचा. मध्ये ३७ एकर जंगल.

ही जागा सत्तरच्या दशकापर्यंत शहराचा कचरा टाकायची होती. ऐंशीच्या दशकात कचऱ्यावर माती टाकून झाडं लावायला सुरुवात झाली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. आमचा लालबाग-परळचा कचराही इथेच येत असणार. आमच्या लहानपणी काय काय फेकलं असेल, त्याच्यावर आता सावली आहे.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं रस्ता ऐकू येतो. मग पालापाचोळा जाड होत जातो आणि आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटायला लागतो. इथे वाफे, कारंजी, रंगीत दिवे असलं काही नाही. वाळकी पानं झाडून नेत नाहीत, तिथेच कुजू देतात. अण्णा खूश. त्यांनी नोकरीत आयुष्यभर सकाळी पानं झाडायला लावणाऱ्या साहेबांशी वाद घातला. "पान हे झाडाचं खत. ते उचलून जाळायचं आणि मग पोत्यातलं खत विकत आणायचं, हा कुठला हिशेब?" आज त्यांना कोणीतरी ऐकलं असं त्यांना वाटलं असावं.

करंजाची पालवी अशी चकाकत होती की आईने हात लावून पाहिला. एक ब्लू मॉरमॉन फुलपाखरू आमच्यापुढे पुढे उडत राहिलं, आपलं राज्य फुलपाखरू. मिठीच्या बाजूला तिवरं. नदीचा वास येतो, तो लपवण्यात अर्थ नाही. पण पाऊण तासात तांबट, कोकीळ, दयाळ, हळद्या. भाचीने लिहायचं सोडून दिलं.

आई इथे फार बोलली नाही. मी विचारलं, "थकलीस?" ती म्हणाली, "नाही. ऐकत्ये."

तोवर मी शांत जागा बोलण्यासाठीच शोधत होते. नकाशावर आता दुसरी खूण घालायची : "नुसतं ऐकायला."

रविवार, २७ एप्रिल

माटुंगा. बहावा फुललाय, पारशी कॉलनीचा एक रस्ता पिवळा झालेला.

फाइव्ह गार्डन्सची गोष्ट वरच्या यादीपेक्षा वेगळी आहे आणि म्हणून मला ती महत्त्वाची वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीची वस्ती, हवा नाही, उजेड नाही. त्यातून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे मोकळी, आखीव वस्ती करायला घेतली. पारशी कॉलनीसाठी मंचेरजी जोशी यांनी घेतलेले कष्ट त्या भागात अजून सांगतात. बागांना त्यांचंच नाव आहे. म्हणजे इथे बाग उरलेल्या जागेत आलेली नाही. घरांच्या आधी बागेची जागा ठरली. मरणाची भीती ताजी असताना या शहराला हे सुचलं होतं.

संध्याकाळी खूप मुलं असतात, खेळ चालतो. सकाळी साडेसहा-सातला गेलात तर पाचांपैकी एक तरी बाग जवळपास आपलीच. बाकावर दोन पारशी आजीबाई गुजरातीत बोलत होत्या, अगदी हळू. आई माझ्याकडे बघून हसली.

तिथून पुलाखालची बाग पाहिली. माटुंग्याच्या उड्डाणपुलाखाली, गाड्या उभ्या करायच्या पट्टीत, रहिवाशांच्या पाठपुराव्याने २०१६ मध्ये झाली. मधली पायवाट नर्मदेच्या वळणांसारखी काढली आहे. दोन्ही बाजूंनी गाड्या जातात, तेव्हा तांबटाची कसोटी इथे लागू नाही. तरीही नकाशात घेतेय, पावसात चालायला. डोक्यावर पूल आहे, पाय ओले होत नाहीत, आणि आईसारख्यांना पावसाळ्याचे चार महिने घरात काढावे लागू नयेत.

शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याची बाग येताना धावती पाहिली. शीव म्हणजे वेस, मुंबईची. आमच्या नकाशाचीही वेस तीच.

शनिवार, १० मे

आजचा दिवस वाईट.

दुपारी दीडला आईला घेऊन एका बागेपाशी पोहोचलो. कुलूप. चारला उघडणार. बागेचं नाव लिहीत नाही, कारण असं एकाच ठिकाणी होत नाही. उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, टॅक्सी मिळेपर्यंत आईचा चेहरा लाल झाला. कुंपणाच्या आत, दहा हातांवर, मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली चार रिकामे बाक.

पहारेकरी बिचारा सांगत होता, ताई, वरून हुकूम आहे. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्यांची खोली दहा बाय बाराची आहे, ज्यांच्या घरी दुपारी पंख्याखाली चार जण झोपलेले असतात, त्यांना बागेची गरज दुपारीच असते. रात्रपाळी करून आलेला माणूस, सुट्टीत अभ्यास करणारं पोर, कामावर दोन घरांच्या मध्ये तास-दीड तास मोकळा असलेली बाई. झाडाच्या सावलीची गरज सर्वांत जास्त असते ती वेळ कुलपाची. सकाळी आणि संध्याकाळी चालायला येणाऱ्यांसाठी बाग हवीच, पण बसायला येणाऱ्यांचा विचारही व्हायला हवा. मी संबंधितांना पत्र लिहिलंय. चाळीतल्या ३१ जणांनी सही केली.

नकाशात प्रत्येक बागेपुढे आता एक रकाना वाढला : "दुपारी?" तिथे आपण स्वतः जाऊन पाहिलेलंच लिहायचं.

सोमवार, २६ मे

पाऊस आला. मे महिन्यातच! पावसाआधी नकाशा लावायचा बेत वाहून गेला. ऑफिसला पोहोचता आलं नाही, म्हणून भाचीच्या टेबलावर बसून नावं लिहायचं काम केलं.

लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. बागा दाखवायला खुणेची ठिकाणं लिहीत होतो : वडाळा, ताडदेव, उंबरखाडी, फणसवाडी, चिंचबंदर. निम्मी मुंबई झाडांच्या नावाने ओळखली जाते. आई शेजारी बसून बघत होती. बोट ठेवून म्हणाली, "आणि चिंचपोकळी? आपल्याकडे चिंच कुठे आहे?" तिघींनी मिळून आठवून पाहिलं. आमच्या गल्लीत नाही. पलीकडच्या गल्लीतही नाही. अण्णांना खाली जाऊन विचारलं, तर म्हणाले, बघतो.

भाचीचं मत, नकाशात मेट्रो, मॉल काही नको. फक्त स्टेशनं, बसचे थांबे, चढ आणि बाग. मान्य. कुलाब्याचं सागर उपवन ती मैत्रिणीबरोबर पाहून आली. समुद्राकडे तोंड करून बसता येतं आणि झाडांना नावांच्या पाट्या आहेत, म्हणाली. मलबार हिलची नवी वाटही पाहिली; सुंदर आहे, पण पुढे सरकत राहावं लागतं, बसायची नाही. एकीला खूण मिळाली, दुसरीला तळटीप.

रविवार, ८ जून

काल नकाशा लागला. वाचनालयाच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीला. काकांसाठी अक्षरं मोठी. खाली दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे आणि लिहिलंय, "तुम्हाला माहीत असलेली शांत जागा इथे लिहा."

एका दिवसात तीन नोंदी. एक अक्षर बारावीच्या मुलाचं : "डॉकयार्ड रोड टेकडी, मी आणि बाबा जाऊन आलो." नोंद नवीन नाही, पण खोडणार नाही. दुसरी परळच्या एका देवळामागच्या पाराची. तिसरी अण्णांची, मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात : "चिंच. रेल्वेच्या भिंतीमागे, आपल्याच बाजूला. जुनी आहे. खाली दगड आहे, दोघं बसतील."

इतक्या वर्षांत कोणाला दिसली नाही. अण्णा म्हणतात, गाडीतून बघितलं तर दिसते, घरातून नाही.

पाऊस आत्ता उघडलाय. रविवार आहे म्हणून मशीनही बंद. आईने पातळ बदललं, चपला दाराशी काढून ठेवल्या आणि मला सांगितलं. खोलीतच, आणि मला पहिल्याच वेळी ऐकू आलं.

"दगड ओला असेल. जुनी चादर घे."